कोकणच्या दमट हवेत एअरब्रश: स्केल मॉडेलसाठी रंग निवडताना

स्केल मॉडेल म्हणजे विमान, मोटार, होडी यांची मापात केलेली छोटी प्रतिकृती, आणि एअरब्रश म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने तिच्यावर रंगाचा बारीक फवारा मारणारं अवजार. त्यासाठी रंग घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो कंपनीचा. टामिया बरा की व्हालेहो? खरं तर हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की रंग कशाने पातळ होतो: पाण्याने, अल्कोहोलने, लॅकर थिनरने की टर्पेंटाइनने? दुसरा, तो द्रव तुमच्याकडच्या हवेत किती वेळात उडून जातो? ही दोन उत्तरं हाताशी असली की कंपनी कोणतीही चालते. नसली तर महागातला रंगही नोझलमध्ये, म्हणजे फवारा निघतो त्या बारीक तोंडातच, वाळून बसतो.

कोकणात दुसऱ्या प्रश्नाला जास्त वजन आहे. व्हिडिओत सांगितलेली प्रमाणं बहुतेक वेळा कोरड्या किंवा एसीच्या खोलीत ठरलेली असतात. तीच प्रमाणं श्रावणात देवगडला किंवा श्रीवर्धनला वापरली, तर चकचकीत काळा रंग राखेसारखा पांढुरका पडतो. पाण्याचा रंग घेतला तर तो तासभर ओला राहतो आणि वर चिलटं चिकटतात. यात हात चुकलेला नसतो. हवेचा हिशेब सुटलेला असतो.

रंगांच्या चार जाती

पाण्याचे ॲक्रिलिक म्हणजे व्हालेहो मॉडेल एअर, लाइफकलर, एके थर्ड जनरेशन वगैरे. यात रंगद्रव्य आणि ॲक्रिलिकचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की कण एकमेकांत मुरून पापुद्रा बनतो. एकदा बनला की तो पाण्यात परत विरघळत नाही. या रंगांची सगळी कटकट याच गुणातून येते: नोझलमधल्या सुईच्या टोकावर रंग वाळतो, अडकतो आणि मग थुंकी उडावी तसे थेंब उडतात. वास नाही, आग धरत नाही, घरात लहान मुलं असली तरी वापरता येतो, हे त्याचे मोठे गुण. प्लास्टिकवर मात्र त्याची पकड कमजोर असते. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पकड देणारा थर, नसेल तर मास्किंग टेपबरोबर (भाग झाकायला लावलेल्या चिकटपट्टीबरोबर) रंग सालासारखा निघून येतो.

अल्कोहोलवर चालणारे ॲक्रिलिक ही वेगळी जात आहे, आणि बाटलीवर ‘ॲक्रिलिक’ लिहिलेलं असल्यामुळे इथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो. टामियाचे एक्स आणि एक्सएफ मालिकेतले रंग, मिस्टर हॉबीचे ॲक्विअस रंग या जातीत येतात. ते टामियाच्याच एक्स-२०ए थिनरने पातळ होतात, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनेही होतात आणि लॅकर थिनरने तर अधिकच तलम बसतात. उलट तेच अल्कोहोल व्हालेहोत घातलं की रंग दूध नासल्यासारखा फाटतो आणि रबरी गुठळ्या होतात. ‘दोन्ही ॲक्रिलिकच आहेत’ म्हणून एकाचं थिनर दुसऱ्यात घालायचं नाही.

लॅकर म्हणजे मिस्टर कलर, टामियाची एलपी मालिका, आणि पातळ करूनच येणारा एमआरपी (मिस्टर पेंट) कंपनीचा रंग. हे रंग थिनर उडून वाळतात आणि थिनर लागलं की पुन्हा विरघळतात. पकड उत्तम, थर अगदी पातळ, आणि १५ ते २० मिनिटांत दुसरा हात मारता येतो. वास उग्र, वाफ आरोग्याला घातक आणि आग चटकन धरणारी. दमट हवेत पांढरा पडण्याची खोडही याचीच.

इनॅमल म्हणजे हम्ब्रोलच्या १४ मिलिच्या डब्या. व्हाइट स्पिरिट किंवा मिनरल टर्पेंटाइनने पातळ होतो, संथपणे वाळतो, आणि हवेतला ऑक्सिजन शोषून टणक होतो. एअरब्रशने मुख्य रंगासाठी तो आता कमी वापरला जातो. खाचांत काळपट ओघ भरायचा असेल, गंजाचे ओघळ दाखवायचे असतील, तर मात्र इनॅमलसारखं दुसरं काही नाही.

आता गावातल्या दुकानात मिळतं त्याचं काय? कापडावरचे ॲक्रिलिक रंग वाळल्यावर रबरी राहतात, ते पॉलिश पेपरने नीट घासले जात नाहीत. चित्रकलेच्या ट्यूबमधल्या ॲक्रिलिकचं दळण एअरब्रशच्या मानाने जाड असतं, तो रंग गाळून ०.५ मिमीच्या नोझलमधून कसाबसा निघतो, ०.३ मध्ये अडकतो. गणपतीच्या शाळांमध्ये कॉम्प्रेसर आणि गन वर्षानुवर्षं चालतात, म्हणून तिथले रंग आणून मॉडेलवर मारण्याचा मोह होतो. पण ते रंग शाडू किंवा प्लास्टरसारख्या पाणी पिणाऱ्या पृष्ठभागासाठी असतात. प्लास्टिकवर ते नुसते बसून राहतात, बोट लागलं की निघतात. तिथली मोती पावडर मात्र उपयोगाची आहे. पारदर्शक लॅकरमध्ये चिमूटभर मिसळून ०.५ च्या नोझलने मारली, तर मोटारीच्या मॉडेलला सुरेख झळाळी येते.

हार्डवेअरच्या दुकानातलं एन.सी. थिनर मिस्टर कलरच्या थिनरचा स्वस्त पर्याय म्हणून सुचवलं जातं. एअरब्रश धुवायला ते घ्यावं, रंगात घालायला नको. त्याचं मिश्रण प्रत्येक डब्याला सारखं नसतं, आणि जहाल निघालं तर पॉलिस्टायरीन प्लास्टिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. मोटार गॅरेजमधला दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंगही घरी फवारू नये. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो.

आधी हवा मोजा

तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल काटा रंगाच्या पहिल्या बाटलीबरोबरच घ्या. दवबिंदू काढायला हे दोन आकडे पुरतात. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते ते तापमान. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तेच हे. लॅकरचं थिनर भराभर उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतं आणि तो काही अंशांनी गार पडतो. गार पडत पडत दवबिंदूखाली गेला, की ओल्या रंगावर अतिसूक्ष्म पाणी बसतं, आणि रंग वाळल्यावर तेच पांढरट धुकं म्हणून दिसतं.

आकडे पाहा. जानेवारीत दुपारच्या आधी ३० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असली, तर दवबिंदू सुमारे १८ अंश. मध्ये १२ अंशांची फट आहे. लॅकर बिनधास्त मारा. ३० अंश आणि ७० टक्के झाले की दवबिंदू २४ वर येतो, फट ६ ची. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के असताना दवबिंदू २५ ला पोचतो, म्हणजे फट जेमतेम ३ अंशांची. मोठ्या जहाजांच्या रंगकामात पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर असल्याशिवाय रंग चढवत नाहीत. आपला रंग तर त्याहून वेगाने वाळणारा. म्हणून मॉडेलसाठी सोपा नियम धरावा: फट ८ अंशांच्या वर असेल तर कोणताही रंग, ५ ते ८ असेल तर लॅकर फक्त सावकाश उडणाऱ्या थिनरसह, आणि ५ च्या खाली गेली तर चकचकीत लॅकर त्या दिवशी उघडूच नका.

दिवसातली वेळही पाहायला हवी. दिवाळीनंतर पहाटे दव असतं, तेव्हा आर्द्रता सर्वांत जास्त. ऊन चढलं की हवा कोरडी होत जाते, आणि रात्रभर जमिनीवरून वाहिलेली मतलईची कोरडी हवा अजून टिकून असते. दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुरू झाला की आकडा पुन्हा चढतो. किनाऱ्याजवळच्या गावांत साधारण दहा ते बारा ही हिवाळ्यातली सोन्यासारखी वेळ आहे. चकाकी, धातूचे रंग, पारदर्शक थर या वेळेसाठी राखून ठेवा.

एसी असेल तर खोली तासभर आधी कोरडी करून घेता येते. मात्र ताजा रंगवलेला, गार झालेला नग लगेच पडवीत आणू नका. चष्म्यावर वाफ धरते तसं त्याच्यावर दव बसतं. एसी बंद करून नग बाहेरच्या तापमानाजवळ येऊ द्या, मगच दार उघडा.

मोसम आणि रंग

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात चारही जातींचे रंग चालतात. प्रायमर आणि मुख्य लॅकर रंग याच चार महिन्यांत उरकून घ्यावेत, एका वेळी दोन-तीन मॉडेलचे भाग सुद्धा.

मार्च ते मे हवा तापते. लॅकर नोझलपासून नगापर्यंत जाता जाता अर्धवट वाळतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. पाण्याचा रंग सुईवर दर दोन मिनिटांनी वाळतो. इथे रिटार्डर, म्हणजे वाळणं लांबवणारा द्रव, लागतो: लॅकरमध्ये एकूण मिश्रणाच्या ५ टक्के, फार तर १० टक्के. जास्त घातला तर रंग आठवडाभर मऊ राहतो आणि बोटांचे ठसे उमटतात. मिस्टर कलरच्या लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर आधीच असतो, त्यात वेगळा घालण्याची गरज सहसा पडत नाही.

जून ते सप्टेंबर हा काळ पाण्याच्या ॲक्रिलिकचा आणि मॅट टामियाचा. मॅट रंगावर थोडं पांढरेपण आलं तरी खपून जातं; चकाकीवर एक ठिपका लपत नाही. मॅट वार्निश मात्र पावसाळ्यात धोकादायक आहे. त्यातलं मॅट करणारं द्रव्य आणि हवेतलं पाणी मिळून मॉडेलवर पिठासारखं सावट येतं, आणि ते गडद रंगावर फारच उठून दिसतं. महिनाभर खपून रंगवलेलं मॉडेल शेवटच्या पाच मिनिटांत असं बिघडतं. तो हात दसऱ्यापर्यंत थांबवा.

पावसाळ्यात वाळण्याचे तास दुप्पट धरा. टामिया ॲक्रिलिकवर एरवी २४ तासांनी टेप लावता येते, तिथे ४८ तास थांबा. इनॅमलला तीन ते चार दिवस लागतात.

लाइट जाण्याचाही विचार रंग निवडतानाच करायचा. लाइट गेली की कॉम्प्रेसर थांबतो; त्याच्या तीन लिटरच्या टाकीत चार बार दाबाला भरलेली हवा रंगकामाच्या दाबापर्यंत उतरेपर्यंत साधारण आठ लिटर हवा देते. मिनिटाला दहा लिटर खाणारा ब्रश त्यावर जेमतेम पाऊण मिनिट चालतो. तेवढ्यात ब्रशवरचा रंगाचा कप रिकामा होत नाही. लॅकर ब्रशमध्ये वाळला तरी थिनरने परत विरघळतो. पाण्याचा ॲक्रिलिक वाळला तर नोझल काढून, सुई खरवडून, तासभर बसावं लागतं. वीज सतत ये-जा करत असेल, तर पाण्याच्या रंगाबरोबर क्लीनरची बाटली हाताच्या अंतरावर हवी. दिवे गेले की पहिल्यांदा कप ओतायचा.

नग कशाचा आहे

पॉलिस्टायरीनच्या किटला लॅकर प्रायमर सर्वांत चांगला. मिस्टर सर्फेसर १५०० एक भाग, लेव्हलिंग थिनर दीड ते दोन भाग. भाग आधी भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, कारण साच्यातून निघालेल्या भागांवर तेलकट थर असतो. तो राहिला तर रंग माशाच्या डोळ्यासारख्या गोल खड्ड्यांनी फाटतो.

कोकणात मचवा, गलबत, फत्तेमारी यांची लाकडी मॉडेलं करण्याची हौस मोठी आहे. सागाचं किंवा शिवणीचं लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि टणक लॅकरच्या जाड थराला जोडांवर केसासारख्या चिरा जातात. आधी सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे) दोन पातळ हात द्या, प्रत्येक हातानंतर ४०० नंबरचा पेपर फिरवा. मग पाण्याचं ॲक्रिलिक किंवा इनॅमल. दोन्ही थोडे लवचीक राहतात आणि लाकडाबरोबर हलतात. मासेमारीच्या होड्यांचे निळे, हिरवे, लाल पट्टे मूळ होडीवरही ऑइलपेंटचेच असतात. त्यांची किंचित जाड चकाकी इनॅमलनेच खरी वाटते.

सनबोर्डची एसटी किंवा ट्रक करणाऱ्यांनी आधी बोर्ड नीट ओळखावा. पीव्हीसीचा सनबोर्ड सौम्य थिनर सोसतो, पण जहाल थिनरने फुगतो. मध्ये फोम आणि दोन्ही बाजूंना कागद असलेल्या बोर्डाच्या कापलेल्या कडेला लॅकर लागला, तर आतला फोम वितळून पोकळी पडते. थर्माकोलचं तर नाव काढू नये. तिन्हींसाठी पाण्याच्या प्रायमरचे दोन हात सुरक्षित. कापलेल्या कडांना साध्या केसांच्या ब्रशने तिसरा हात द्या.

एसटीचा लाल रंग हा चांगला धडा आहे. लाल, पिवळा, पांढरा हे रंग नीट झाकत नाहीत. काळ्या किंवा करड्या प्रायमरवर सरळ लाल मारला तर पाच-सहा हात लागतात, रंग विटकरी दिसतो आणि थर जाड होऊन खिडक्यांच्या कडा बुजतात. त्याऐवजी पांढऱ्या प्रायमरवर फिकट गुलाबीचा एक पातळ हात द्या, त्यावर लालाचे तीन. खोली येते आणि कडा धारदार राहतात. पिवळ्या रंगाखालीही हाच गुलाबी चालतो.

मिश्रण, क्रमाने

१. बाटली नुसती हलवू नका, तळापासून काडीने ढवळा. मॅट करणारं द्रव्य तळाशी बसतं. वरवरचा रंग घेतला तर ‘मॅट’ रंग अर्धवट चकाकतो. ड्रॉपरच्या बाटलीत स्टेनलेस स्टीलची छोटी गोळी टाकून हलवा. साधी लोखंडी गोळी गंजते.

२. थेंब मोजून प्रमाण ठरवू नका. पाण्याचे २० थेंब म्हणजे साधारण १ मिलि, पण अल्कोहोल आणि लॅकर थिनरचे थेंब बरेच लहान पडतात. मेडिकलमधली २ मिलिची सिरिंज पाण्याच्या रंगाला चांगली. लॅकर थिनरने तिचा रबरी दट्ट्या फुगतो, तिथे मापाच्या रेघा असलेला प्लास्टिकचा ड्रॉपर घ्या.

३. मिश्रण कपात नको, बाहेर काचेच्या बाटलीत करा. टामिया ॲक्रिलिक १ भाग, थिनर दीड भाग. लॅकर १ भाग, थिनर २ भाग. हम्ब्रोल १ भाग, थिनर १ भाग. मॉडेल एअर १० भाग, त्याचंच थिनर २ भाग आणि फ्लो इम्प्रूव्हर (रंग वाहता ठेवणारा द्रव) १ भाग. पावसाळ्यात थिनर कमी करा, कारण पाणी उडायला वाटच मिळत नाही आणि ओघळ येतात. बोअरचं पाणी रंगात घालू नका, किनाऱ्यालगत ते मचूळ असतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या.

४. जुन्या नायलॉन मोज्याच्या तुकड्यातून गाळा.

५. बाटली तिरकी करून काठावर रंग चढवा आणि सोडा. झरझर उतरून काच स्वच्छ राहिली तर फार पातळ. जाड पडदा तसाच लटकून राहिला तर घट्ट. पातळ ताकासारखा एकसंध उतरून मागे अर्धपारदर्शक पडदा ठेवणारा रंग बरोबर.

६. कपात आधी थिनरचे दोन थेंब, मग रंग. उलट केलं तर पहिला घट्ट घोट नोझलमध्ये जाऊन बसतो.

७. पहिला फवारा किटच्या सांगाड्यावर, म्हणजे स्प्रूवर. ०.३ मिमी नोझलला हवेचा दाब असा: लॅकर १२ ते १८ पीएसआय, टामिया ॲक्रिलिक १५ ते १८, मॉडेल एअर १८ ते २२. अंतर ५ ते ८ सेंटिमीटर. फवारा पडताच पृष्ठभाग क्षणभर ओला चमकला पाहिजे आणि पाच-दहा सेकंदांत मंदावला पाहिजे. चमकलाच नाही तर रंग वाटेत वाळतोय: जवळ या किंवा दाब कमी करा. अर्धा मिनिट चमकतच राहिला तर ओघळणार: हात उचला.

पहिला हात पूर्ण झाकण्यासाठी नसतो. धुक्यासारखा विरळ मारा, दोन मिनिटं थांबा, मग ओला हात. घाईने पहिल्याच हातात झाकायला गेलं की कोपऱ्यांत रंग साचतो आणि कडांवरून पळतो.

हवेबरोबर येणारं पाणी

रंग उत्तम, प्रमाण बरोबर, तरी मध्येच एक पाण्याचा टपोरा थेंब उडून डाग पडतो. पावसाळ्यातली ही हमखास तक्रार आहे. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. कॉम्प्रेसरने ती हवा चार-पाच पट दाबली आणि ती परत खोलीच्या तापमानाला आली, की त्यातलं १६ ते १८ ग्रॅम पाणी द्रवरूपात बाहेर पडतं, म्हणजे तीन छोटे चमचे. एवढी हवा दीड-पावणेदोन तासांच्या कामात वापरली जाते.

म्हणून एक मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी गाळणी) दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरवर आणि दुसरा छोटा ट्रॅप ब्रशच्या अगदी मागे हवा. मधल्या नळीत हवा आणखी गार होते, तिथे बसलेलं पाणी पहिला ट्रॅप पकडू शकत नाही. पावसाळ्यात दर २० मिनिटांनी ट्रॅप रिकामा करा. काम संपलं की टाकीखालचं बूच उघडून आतलं पाणी पूर्ण काढा. तांबूस पाणी आलं तर आत गंज सुरू झालाय असं समजा. खाऱ्या हवेत हा गंज वेगाने वाढतो, आणि त्याचे कण पुढे नळीत येतात.

बिघडलं तर

लॅकर पांढरा पडला तर खरवडू नका. कोरड्या दिवसाची वाट पाहा, मग १० भाग लेव्हलिंग थिनरमध्ये १ भाग रिटार्डर घालून त्याचा अगदी विरळ फवारा मारा. वरचा थर पुन्हा विरघळतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि रंग मूळ गडदपणावर येतो. बहुतेक वेळा एका फवाऱ्यात काम होतं. पाण्याच्या ॲक्रिलिकवर हा उपाय करू नये, तो सुरकुततो.

कोळ्याच्या पायांसारखे फाटे पसरले तर रंग फार पातळ, दाब जास्त किंवा ब्रश फार जवळ. संत्र्याच्या सालीसारखा पोत आला तर रंग घट्ट किंवा अंतर जास्त. पूर्ण वाळू द्या, २००० नंबरच्या ओल्या पेपरने घासा, पुन्हा मारा. कपात बुडबुडे आले तर नोझल सैल आहे किंवा तिला चीर गेली आहे, रंगाचा दोष नाही. सुईच्या टोकावर वाळलेला रंग दिसला तर थिनरमध्ये भिजवलेली कापसाची काडी टोकाच्या दिशेने फिरवा, उलट फिरवली तर सुई वाकते.

एकावर एक थरांचा क्रम खालून वर असा: लॅकर, त्यावर ॲक्रिलिक, त्यावर इनॅमलचे ओघ. इनॅमलवर लॅकरची चकाकी मारली तर खालचा थर सुरकुततो. लॅकर वापरणार असाल तर ब्रशच्या आतली रिंग पीटीएफईची (टेफ्लॉनची) आहे ना, ते घेतानाच विचारा. साधं रबर थिनरने फुगतं आणि ट्रिगर जड होतो.

वाफ, आग आणि मास्क

एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. लॅकर आणि इनॅमलसाठी ऑर्गॅनिक व्हेपरच्या काडतुसांचा, पुढे धुळीची गाळणी असलेला अर्धा मुखवटा लागतो. काडतुसं उघडी ठेवली तर खोलीतली वाफ आणि दमट हवा शोषून लवकर निकामी होतात. काम झालं की झिपच्या पिशवीत घट्ट बंद करा. मास्क लावूनही वास येऊ लागला, की काडतुसं बदलायची वेळ झाली.

पडवीत बसून काम करणं चांगलं, पण देवघरातली समई, चूल, गॅस यांपासून लांब. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि ठिणगी शोधत जाते. वाळवण्यासाठी बल्बची पेटी वापरत असाल तर लॅकरचा नग किमान अर्धा तास उघड्यावर ठेवून मगच आत घाला. पेटीतलं तापमान ४० अंशांवर जाऊ देऊ नका.

पहिली खरेदी आणि साठवण

नवीन शिकणाऱ्याने किनाऱ्यावर सुरुवात करताना टामियाच्या ॲक्रिलिकने करावी. १० मिलिच्या बाटल्या, माफक वास, पकड बरी, आणि मोसमाप्रमाणे थिनर बदलता येतं: उन्हाळ्यात एक्स-२०ए, हिवाळ्यात तलमपणा हवा तर लेव्हलिंग थिनर. काळा, पांढरा, लाल, पिवळा, निळा, आणि मॅट करडा, एवढ्या सहा बाटल्यांत खूप काही मिसळता येतं. थिनर मात्र मोठ्या बाटलीचंच घ्या, कारण रंगाच्या दुप्पट-तिप्पट थिनर लागतं, निम्मं धुण्यातच जातं. घरात दमेकरी किंवा लहान बाळ असेल तर व्हालेहो मॉडेल एअर आणि त्याचाच प्रायमर. लॅकर दुसऱ्या वर्षी, मास्क आणि बाहेर फेकणारा पंखा बसवल्यानंतर. लॅकर आणि थिनर ज्वालाग्राही असल्यामुळे साध्या कुरिअरने विमानातून पाठवता येत नाहीत, ते जमिनीवरून येतात. हिवाळ्यातल्या कामासाठी मागणी पावसातच नोंदवा.

हम्ब्रोलच्या डब्यांची कडा खाऱ्या हवेने गंजते, आणि झाकण उघडताना गंजाचे कण रंगात पडतात. उघडलेला इनॅमल छोट्या काचेच्या बाटलीत ओतून ठेवा. काचेच्या बाटल्यांचे आटे थिनरच्या फडक्याने पुसूनच झाकण लावा, नाही तर पुढच्या वेळी ते पक्कडनेही सुटत नाही. सगळ्या बाटल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते जुन्या तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत परतून घ्या. हा तवा मग स्वयंपाकाला वापरू नका. पाण्याच्या रंगांच्या बाटल्यांना वर्षभर जुनं झाल्यावर बुरशीचा आंबूस वास येतोय का, ते पावसाळ्याच्या आधी एकदा हुंगून पाहा. आला तर ती बाटली टाकून द्या, गाळूनही त्यातल्या तंतूंमुळे नोझल अडकतच राहतं.